बाटलीतली ओल

घातक पदार्थांच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी जी यादी केली आहे, तिच्यात पिक्रिक ॲसिड एकाहून अधिक ठिकाणी भेटते. त्यांतल्या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. वजनाने निदान ३० टक्के पाणी असलेले पिक्रिक ॲसिड क्रमांक १३४४ वर आहे. वर्ग ४.१, ज्वालाग्राही घन पदार्थ. काडेपेट्याही याच वर्गात मोडतात. कोरडे किंवा ३० टक्क्यांहून कमी पाण्याचे तेच ॲसिड क्रमांक ०१५४ वर आहे. वर्ग १.१, म्हणजे सगळा साठा एका क्षणात उडू शकतो अशा स्फोटकांची पंगत. रेणू तोच, कारखाना तोच, बाटलीवरचे लेबलही तेच. मधल्या काळात बाटलीतून पाणी गेले, एवढाच फरक. प्रयोगशाळांतली रसायनांची कपाटे तपासायची, नोंदी जुळवायच्या, कोणती बाटली ठेवायची आणि कोणती काढायची हे ठरवायचे, अशा कामात बरीच वर्षे गेल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. पिक्रिक ॲसिडचा धोका जितका रेणूचा आहे, त्याहून जास्त सांभाळाचा आहे. वापरात असते तोवर ते बहुधा शांत असते. विसरले गेले की बिघडते. म्हणून त्याची सुरक्षितता तपासायची तर आधी नोंदवही उघडावी, बाटली नंतर.

असला पदार्थ दारूगोळ्याच्या कारखान्यात असणार, आपल्याकडे कुठला, असे अनेकांना वाटते. पण मूत्रपिंडाची तपासणी करून घेतलेल्या माणसाचा त्याच्याशी दुरून का होईना संबंध आलेला असण्याची शक्यता बरीच आहे. रक्तातले क्रिॲटिनिन मोजण्याची जॅफे यांची पद्धत १८८६ सालच्या शोधावर उभी आहे: अल्कली मिसळलेल्या पिक्रिक ॲसिडबरोबर क्रिॲटिनिन नारिंगी रंग देते आणि त्या रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढता येते. शंभराहून अधिक वर्षे जगभरच्या पॅथॉलॉजी लॅब याच रंगावर चालल्या. शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा टिकवायला वापरतात त्या बुइन्स फ्लुइडमध्ये पिक्रिक ॲसिडच्या संतृप्त द्रावणाचे ७५ भाग, फॉर्मॅलिनचे २५ आणि ॲसिटिक ॲसिडचे ५ भाग असतात. स्लाइडवरचे तंतू रंगवणाऱ्या व्हॅन गीसन रंगातही ते आहे, आणि एके काळी भाजलेल्या जखमेवर त्याची पट्टी ठेवत. रसायनशास्त्राच्या, प्राणिशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या विभागांत ते आले ते असे, सरळ कामाच्या वाटेने. हाताळताना बोटांना लागले तर पिवळेपणा दिवसेंदिवस जात नाही, आणि मराठी प्रयोगशाळेत हात पिवळे झाल्यावर जे विनोद व्हायचे ते होतातच. या घरोब्यामुळेच तो पदार्थ कोणत्या जातीचा आहे, हे ध्यानात राहत नाही.

जात समजून घ्यायची तर त्याचे भौतिक गुण नीट पाहावे लागतात. शुद्ध पिक्रिक ॲसिड म्हणजे पिवळे चकचकीत स्फटिक. चव अतिशय कडू, म्हणून तर ग्रीक भाषेतल्या कडू या शब्दावरून नाव पडले. अर्थात ते विषारी आहे, चवीची खातरजमा करायचे कारण नाही. १२२ अंश सेल्सिअसला ते वितळते. नेहमीच्या तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम सव्वा ग्रॅम विरघळते, आणि ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. कारण तिचा अर्थ असा की ३० टक्के पाणी घालून विकलेल्या बाटलीत द्रावण नसतेच, ओला लगदा असतो. स्फटिक जसेच्या तसे असतात, पाणी फक्त त्यांच्या मधल्या फटींत असते. ॲसिड उडून जात नाही, पाणी जाते. तेव्हा काळाच्या ओघात तोल एकाच बाजूला झुकू शकतो. साधे फिनॉल, म्हणजे कार्बोलिक ॲसिड, अगदी दुबळे ॲसिड आहे. त्याच्या कड्यावर तीन नायट्रो गट बसले की झालेले पिक्रिक ॲसिड खनिज ॲसिडांच्या जवळपास जाईल इतके तीव्र होते, आणि जळायला लागणारा ऑक्सिजनही रेणूच्या आतच येऊन बसतो. म्हणून त्याला बाहेरच्या हवेची गरज उरत नाही. दाबून घट्ट केलेल्या साठ्यात स्फोटाची लाट सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने धावते.

पाणी नेमके काय करते, हे पुष्कळ वेळा चुकीचे सांगितले जाते. पाण्याने ॲसिड ‘पातळ’ होते आणि जोर कमी होतो, अशी समजूत आहे. मुळात स्फोटक पदार्थाला धक्का बसला किंवा तो घासला गेला की ऊर्जा सगळीकडे सारखी पसरत नाही. दोन स्फटिकांच्या घासणीत, किंवा मध्ये अडकलेल्या हवेचा बुडबुडा एकदम दाबला गेल्यावर, डोळ्याला न दिसणाऱ्या एखाद्या बिंदूवर ती गोळा होते. तो बिंदू शेकडो अंशांपर्यंत तापतो आणि ठिणगी तिथे पडते. फटींत हवेच्या जागी पाणी असेल तर दाबायला बुडबुडा मिळत नाही, स्फटिक एकमेकांवरून घसरतात, आणि निर्माण झालेली थोडी उष्णता पाणी तापवण्यात आणि त्याची वाफ करण्यात खर्च होते. रेणूतली ऊर्जा काही कमी होत नसते. ती सोडवायला लागणारी किल्ली तेवढी हाती लागत नाही. म्हणूनच ओले ॲसिड आणि कोरडे ॲसिड यांच्यात धोक्याचा फरक असला तरी आतला ऐवज एकच असतो, आणि तो पाण्याच्या पहाऱ्यात असतो.

हा पदार्थ शंभर वर्षे कुणी स्फोटक मानलाच नव्हता, ही त्याच्या इतिहासातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट. १७७१ मध्ये पीटर वुल्फ यांनी तो निळीपासून मिळवला तेव्हा त्याचे महत्त्व रेशमाला येणाऱ्या सुंदर पिवळ्या रंगापुरते होते. त्याचे क्षार स्फोटक आहेत हे माहीत होते; खुद्द ॲसिड मात्र निर्धास्तपणे रंगाऱ्यांच्या कोठारात पडलेले असे. १८७३ मध्ये हर्मान स्प्रेंगेल यांनी ते स्फोटवता येते हे दाखवले, १८८५ मध्ये यूजेन त्युर्पँ यांनी ते तोफगोळ्यात भरण्याची रीत काढली, आणि फ्रान्सने मेलिनाइट, ब्रिटनने लिडाइट, जपानने शिमोसे अशा नावांनी ते स्वीकारले. पण कोठारांच्या दृष्टीने कळीचे वर्ष १८८७. त्या वर्षी मँचेस्टरच्या कॉर्नब्रुक भागातल्या एका रसायन कारखान्यात आग लागली. तिथे पिक्रिक ॲसिड रंगाचा माल म्हणून ठेवलेले होते आणि जवळच मुर्दाडसिंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड होते. आगीत वितळलेले ॲसिड वाहत जाऊन शिशाला भेटले, त्यातून अतिशय नाजूक असा शिशाचा पिक्रेट झाला, तो उडाला आणि त्याच्या धक्क्याने उरलेले ॲसिडही. दोन्ही पदार्थ कारखान्याला नीट ठाऊक होते. त्यांचे शेजारीपण कुणी मनावर घेतले नव्हते.

धातूंशी असलेले हे वाकडे पुढे सैन्यालाही भोवले. पिक्रिक ॲसिड लोखंड, तांबे, शिसे यांना हळूहळू खाते आणि त्यांचे पिक्रेट मूळ ॲसिडपेक्षा धक्क्याला जास्त संवेदनशील असतात. म्हणून तोफगोळ्यांना आतून वार्निशाचा थर द्यावा लागे. विसाव्या शतकात टीएनटीने त्याची जागा घेतली, त्यामागे हे एक मोठे कारण होते: टीएनटी धातूंच्या वाटेला जात नाही आणि सुमारे ८० अंशांना वितळत असल्याने वाफेच्या उष्णतेवर गोळ्यात ओतता येतो. सगळे पिक्रेट सारखे नाहीत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. अमोनियम पिक्रेट इतका सोशिक निघाला की अमेरिकी नौदलाने तो चिलखतभेदी गोळ्यांसाठी निवडला. प्रयोगशाळेत मात्र अमोनियम पिक्रेटची गाठ सहसा पडत नाही. पडते ती धातूच्या झाकणाची, लोखंडी स्पॅच्युलाची आणि सिंकखालच्या शिशाच्या किंवा पितळी जोडांची. बाटलीतला लगदा काढताना थोडासा झाकणाच्या आट्यांत अडकतो, तिथे पातळ थरात असल्यामुळे सगळ्यांत आधी सुकतो, आणि झाकण फिरवणे म्हणजे नेमके त्याच थराला चिरडणे. बाटलीच्या पोटातला माल ओला दिसत असतानाही धोका गळ्याशी असू शकतो. म्हणूनच वर्षानुवर्षे न उघडलेली, आट्यांजवळ पिवळी खर धरलेली बाटली दिसली की ‘जरा उघडून बघू’ हा सर्वांत साहजिक विचार सर्वांत वाईट ठरतो. तिला हलवायचे नाही, उघडायचे नाही, त्या खोलीतली वर्दळ थांबवायची आणि स्फोटकांच्या जाणकारांना बोलवायचे. पाणी घालून तिला वाचवण्याची वेळ कधीच निघून गेलेली असते.

आता सांभाळाच्या मुद्द्याकडे येतो. बाटली सुकते कधी? दर आठवड्याला उघडली जाणारी बाटली सहसा सुकून राहत नाही, कारण उघडणाऱ्याला लगदा घट्ट होत चाललेला दिसतो आणि तो वेळीच थोडे ऊर्ध्वपातित पाणी घालतो. शिवाय ती संपते, नवी येते. सुकते ती न वापरलेली बाटली. अभ्यासक्रम बदलतो आणि तो प्रयोग वगळला जातो; विभागात स्वयंचलित यंत्र येते आणि अभिकर्मक तयार किटमध्ये मिळू लागतो; बुइन्स फ्लुइड वापरणारे प्राध्यापक निवृत्त होतात. यांतली प्रत्येक घटना सुधारणा म्हणून किंवा नेहमीची बाब म्हणून घडते, कुणाची चूक नसते. मागे मात्र कपाटाच्या वरच्या फळीवर एक बाटली राहते आणि तिचे पाणी पाहण्याचे कुणाला कारण उरत नाही. त्यात आपले हवामान. मराठवाडा-विदर्भात पारा ४० च्या वर चढतो त्याच दिवसांत महाविद्यालयांना सुट्टी असते. भांडाराला कुलूप, पंखे बंद, खिडक्या बंद. कोकणातल्या दमट हवेत सुकण्याचा वेग कमी असेल, पण दमट हवा झाकणाचा धातू गंजवते, म्हणजे तिथे दुसरी बाजू उघडी पडते. प्लॅस्टिकचे झाकण कितीही घट्ट लावले तरी पंधरावीस वर्षे हवाबंद राहील असे कुणी सांगू नये.

यावर पहिला आक्षेप हॅलिफॅक्सचा येतो, आणि तो वजनदार आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या त्या बंदरात ‘माँ-ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजावर आदळले. त्याच्या पोटात सुमारे २,३०० टन ओले आणि कोरडे पिक्रिक ॲसिड होते, सोबत टीएनटी आणि गनकॉटन, आणि डेकवर बेंझॉलची पिंपे. बेंझॉल पेटले, आणि साधारण वीस मिनिटांनी झालेल्या स्फोटात शहराचा उत्तर भाग नाहीसा झाला. मृतांची नोंद १,७८२ आहे, जखमी सुमारे ९,०००. तिथे माल विसरलेला नव्हता, जुनाही नव्हता. मग सांभाळाचे तत्त्वज्ञान कशाला, पदार्थच भयंकर आहे असे म्हणा की. मान्य, आणि म्हणूनच सुरक्षा प्रशिक्षणात पिक्रिक ॲसिडचा तास हॅलिफॅक्सच्या छायाचित्रांनी सुरू करण्याची पद्धत मला पटत नाही. हजारो टन आणि आग ही एक गोष्ट, शंभर ग्रॅम आणि विस्मरण ही दुसरी. पहिलीने डोळे दिपले की दुसरी दिसत नाही. तरीही हॅलिफॅक्समध्ये एक धागा आहे जो बाटलीपर्यंत येतो. जळणारे जहाज पाहायला लोक धक्क्यावर आणि खिडक्यांशी जमले, आणि फुटलेल्या काचांनी शेकडो लोकांचे डोळे गेले. कारण आत काय आहे हे किनाऱ्यावर फार थोड्यांना ठाऊक होते. जहाजावर धोक्याचे लाल निशाण नव्हते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ पेटले तेव्हाही, पिक्रिक ॲसिडशी त्याचा संबंध नसला तरी, कापसाच्या गासड्यांसोबत स्फोटके आहेत हे जहाजाच्या अंगावर कुठेच लिहिलेले नव्हते. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. अग्निशमन सेवा दिन त्याच तारखेला पाळतात. आत काय आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, ही माहिती समोर उभ्या असलेल्या माणसाला असणे, हा प्रश्न जहाजाला आणि बाटलीला सारखाच लागू आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो बहुधा अनुभवी रसायनशास्त्रज्ञांकडून येतो: हा बागुलबुवा आहे. शुद्ध कोरडे पिक्रिक ॲसिड टीएनटीपेक्षा काही फार नाजूक नाही, हात लावताच उडणारा पदार्थ तो नव्हे, आणि कपाटातल्या बाटलीने खरोखर किती जणांचा जीव घेतला ते दाखवा. यातले पहिले दोन दावे बरोबर आहेत. तिसऱ्याबाबतही असे अपघात विरळ आहेत हे मी मान्य करतो. पण या युक्तिवादात ‘शुद्ध’ हा शब्द फुकट घेतलेला आहे. तीस वर्षे फळीवर राहिलेल्या बाटलीत शुद्ध काय उरले, आट्यांत कोणता धातू मिसळला, गळ्याशी कोणता पिक्रेट बनला, हे बाहेरून कळत नाही. आणि कळून घ्यायचे तर ती उघडावी लागते, जे करायचे नाही. स्फोटाची शक्यता कमी असेलही, पण ती किती कमी आहे हे मोजण्याचा मार्गच बंद आहे. शिवाय या धीटपणाला एक भित्री सावली असते. बाटली सापडली हे कळवले तर चौकशी होईल, आपले नाव येईल, या भीतीने ती गुपचूप सिंकमध्ये ओतली जाते किंवा दुसऱ्या विभागाच्या कपाटात सरकवली जाते. धीट माणूस झाकण उघडतो, घाबरलेला माणूस बाटली लपवतो, आणि दोघांचाही पहिला उपचार चुकतो.

तिसरा आक्षेप सोपा उपाय सुचवतो: बंदी घाला. क्रिॲटिनिनसाठी एन्झाइमवर चालणाऱ्या पद्धती आल्या आहेत, बुइन्सला बऱ्याच कामांत पर्याय आहेत, मग हवेच कशाला? खरेदी थांबवावी, याला माझी हरकत नाही. पण खरेदीबंदीने कपाटातली बाटली नाहीशी होत नाही. उलट तिचा उरलासुरला वापरही थांबतो आणि वर सांगितलेले सुकणे तिथून सुरू होते. वापर थांबवण्याचा निर्णय आणि शेवटच्या बाटलीची विल्हेवाट एकाच कागदावर नसतील तर बंदी हीच धोक्याची पहिली पायरी ठरते. ब्रिटनमध्ये २०१६ च्या अखेरीस याची झलक दिसली. तिथे विषय होता पिक्रिक ॲसिडच्याच गोत्रातला, २,४-डीएनपीएच, म्हणजे आपल्याकडे सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात अल्डिहाइड-कीटोन ओळखायला वापरतात तो ब्रॅडीचा अभिकर्मक. शाळांना आपापल्या बाटल्या तपासायला सांगितल्यावर सुकलेल्या बाटल्यांसाठी लष्कराच्या बॉम्बनाशक पथकांना शेकडो शाळांत जावे लागले. एकही बाटली त्या दिवसांत धोकादायक झाली नव्हती. त्या दिवसांत पाहिल्या गेल्या, इतकेच. ईथरमध्ये काळाने साचणारे पेरॉक्साइड, तांब्याच्या नळीत साठत जाणारे ॲझाइड, यांचीही कथा याच घरची, पण तिचा विस्तार इथे नको.

मग नोंदवहीने काय करावे? वजन करावे. ५०० ग्रॅमच्या बाटलीत ३५ टक्के पाणी असेल तर पाणी झाले १७५ ग्रॅम आणि ॲसिड ३२५. ३० टक्क्यांच्या रेषेवर यायला यातले सुमारे ३६ ग्रॅम पाणी गेले की पुरे. कटिंग चहाच्या ग्लासात मावेल त्याहून कमी. डोळ्याला हा फरक कळणार नाही, साध्या तराजूला कळेल. बाटली आली त्या दिवशी झाकणासकट वजन लिहायचे, प्रत्येक वापरानंतर पुन्हा लिहायचे, वापर नसेल तर दर सहा महिन्यांनी. दोन वजनांतली तफावत वापराने भरून निघत नसेल तर पाणी गेले. थोडेच गेले असेल आणि लगदा ओला दिसत असेल तर तेवढे पाणी घालता येते. सोबत खरेदीची तारीख, बाटली उघडल्याची तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव. यात रसायनशास्त्र काहीच नाही, वाण्याच्या दुकानातला हिशेब आहे, आणि म्हणूनच तो कमीपणाचा वाटतो. ‘हे कारकुनी काम आहे, सुरक्षितता म्हणजे फ्यूम हूड, गॉगल आणि अग्निशामक’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कुलूपबंद खोलीत मे महिन्यात सुकणाऱ्या बाटलीपुढे गॉगल घालून कोण उभे असते?

कायदा आपल्याकडे कमी पडत नाही. १८८४ च्या स्फोटक कायद्यात ‘स्फोटक’ या शब्दाच्या व्याख्येतच पिक्रिक ॲसिडचे नाव घेतलेले आहे, आणि स्फोटकांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय तर नागपुरातच आहे. अडते ते खालच्या पायरीवर. यंत्रे आणि फर्निचर जडसंग्रह नोंदवहीत जातात, त्यांची दरवर्षी पडताळणी होते, मोडीत काढायची झाली तर निर्लेखन समिती बसते. रसायने ‘खर्च होणारा माल’ म्हणून वेगळ्या वहीत जातात; एकदा दिली की वापरली असे धरले जाते. वापरली गेली नाही तर काय, याची जागा त्या वहीत नाही. काचेच्या फुटक्या बीकरसाठी तीन सह्या लागतात आणि पिक्रिक ॲसिडच्या बाटलीचे वय कुणी विचारत नाही, ही विसंगती कुणाच्या दुष्टपणातून आलेली नाही. वस्तूची किंमत आणि वस्तूचा धोका एकाच मापाने मोजण्याच्या सवयीतून आली आहे. बाटली काही शे रुपयांची, म्हणून तिची पडताळणी काही सेकंदांची. छापील वहीत रकाने असतात ते नग, दर, रक्कम आणि शेरा यांचे. वजनाचा रकाना हाताने आखून घ्यावा लागतो, आणि शेऱ्याच्या रकान्यात वर्षानुवर्षे एकच शब्द उतरवलेला असतो: ‘ठीक’.